चुन्याच्या भिंतीतल्या पऱ्या

माजघरातल्या गुलाबी भिंतीला हात लावायचा नाही आणि का, ते विचारायचं नाही. पोरक्या मैनाला काकांच्या घरात आल्या दिवशीच हा नियम सांगितला गेला.

तिनं विचारलं नाही. भिंत तैलरंगानं आरशासारखी चकाकायची. पण आत ओल कोंडली होती. कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमलले. भिंतीशी झोपणारा तिचा इवलासा भाऊ दिगू खोकून खोकून लालेलाल व्हायचा. कधी भिंतीतून नाजूक टकटक यायची. मैना कानांवर पांघरूण ओढायची.

मग घरची मोठी माणसं लग्नाला गेली. मैना परसातल्या जुन्या चुन्याच्या हौदाशी रडत बसली. पाण्यावर निळसर चमचम झाली आणि दुधाहून पांढरी, चिमुकली परी वर आली.

"टकटक ऐकूनही आली नाहीस गं," परी म्हणाली. "माझ्या बहिणी होत्या त्या. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर सोडते, बुरशीला थारा देत नाही. तिथं त्या सुखानं राहायच्या. वरून रंग फासला आणि त्या कोंडल्या. आता टकटकही थांबलीय."

"मला विचारायची बंदी होती," मैना पुटपुटली. तिची तिलाच लाज वाटली.

"एक इच्छा माग. एकच. पण राबायचं तू. रंग खरवड, भिंत भिजव, ताकासारखा पातळ चुन्याचा हात दे. वाळला की दुसरा. घाई केलीस तर पोपडे निघतील."

"तुझ्या बहिणी परत येतील?"

"तेही मागता येईल," परी हळूच म्हणाली.

घरातून खोकला ऐकू आला. मैनाचे डोळे भरले. "दिगूला नीट श्वास घेता येऊ दे. मला माफ कर."

चुना चावू नये म्हणून परीनं तिच्या बोटांवर फुंकर घातली, आणि परी स्वतः लख्ख उजेड होऊन विरून गेली. मैना रंग खरवडत, भिंत भिजवत, चुन्याचे हात देत राबली.

मंडळी परतली तेव्हा भिंत चांदण्यासारखी शुभ्र, गारगार होती. तिला लागून दिगू गाढ झोपला होता.

"अगं कार्टे! पाहुणे हसतील की आपल्याला!" काकू कडाडली.

"उद्याच रंगारी आणतो," काका म्हणाले. "हो बाजूला."

मैना भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. "नाही होणार. मी उशीर केला म्हणून भिंतीतल्या पऱ्या गेल्या. आता दिगूला नाही जाऊ देणार. रंग लावायचाच असेल, तर आधी दिगूला उठवा आणि सांगा, पुन्हा खोकत बस म्हणून."

काकूनं दिगूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. काकांनी हातातल्या वहाणा हळूच खाली ठेवल्या. दिगूचा संथ श्वास तेवढा ऐकू येत होता.