नळीची परीक्षा

अवजारांनाही आधी काम शिकावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. खेळाच्या मैदानावर पाण्याची एक नवी नळी आली. तिला शिकवायला गांडूळमावशी होत्या. नापास नळ्यांना गाड्या धुवायला पाठवत.

नळी रोज सकाळी हिरवळ भिजवायची, तरी दुपारी गवत मान टाकायचं. तिने विचारलं, “मावशी, मी रोज पाणी देते, मग हे कोमेजतं का?”

“रोज वरच्या वर मिळतंय, मग मुळं खाली कशाला जातील? आज पोटभर पाज आणि चार दिवस गप्प राहा.”

ते चार दिवस नळीला फार जड गेले. गवत पाणी मागत होतं आणि ती वेटोळं घालून पडून होती. पण महिन्याभरात गवत भर दुपारीही ताठ उभं राहू लागलं.

मग एका सकाळी दवात लोळत मावशींनी परीक्षा घेतली. “सांग, आज पाणी द्यायचं का?”

नळीने गवताकडे पाहिलं.

“मला वरून कसं कळणार, मावशी? तुम्ही जरा खाली जाऊन ओल बघून येता का?”

“मैदान आजपासून तुझं,” मावशी म्हणाल्या, आणि ओल बघायला मातीत शिरल्या.