पांढऱ्या खडकावरचा नियम

खारीला झोप लागत नव्हती. तशी तिची झोप उडायला एवढंसं कारण पुरे व्हायचं. पिल्लानं बी नीट चावली का, घरट्यात वारा तर शिरत नाही ना, आपण दुपारी त्याच्यावर उगाच ओरडलो का. पण आजचा घोर वेगळा होता. संध्याकाळी दारात आलेल्या वटवाघळिणीला ती "बघते" म्हणाली होती, आणि आपण नेमकं काय बघणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मुलांनो, ही खार ज्या जंगलात राहायची तिथं एक चांगली पद्धत होती. सुगीच्या दिवसांत प्रत्येकानं आपल्या खाण्यातलं थोडं अर्जुनाच्या झाडाच्या मोठ्या ढोलीत टाकायचं, आणि उन्हाळ्यात ज्याचं अडेल त्याला त्यातून द्यायचं. कोणाला द्यायचं ते पाच पंच ठरवत : बगळा, मोर, माकडीण, ससा आणि खार. पूर्वी पंच आपापल्या ओळखीच्यांना देत. सगळ्या जंगलात मोराच्या सासुरवाडीची मंडळी तेवढी धष्टपुष्ट दिसायची. म्हणून खारीनंच हट्टानं नवा नियम करून घेतला : ज्याला हवं असेल त्यानं सकाळी ऊन आलं की पांढऱ्या खडकावर येऊन उभं राहावं आणि आपली अडचण आपल्या तोंडानं सांगावी. ओळख नाही, वशिला नाही, सगळ्यांना एकच नियम. खारीला त्याचा फार अभिमान होता.

यंदा मोह फुललाच नाही. म्हणून वटवाघळीण आली होती, छातीशी पिल्लू बिलगलेलं.

"खारूताई, मला दूध येईनासं झालंय," फांदीला उलटी लटकून ती म्हणाली. "ढोलीतली थोडी वाळकी मोहफुलं मिळाली तरी हे जगेल. गेल्या साली ती आम्हीच टाकली होती."

"तुम्ही? आम्हाला तर कधी कोणी दिसलं नाही."

"तुम्ही झोपलेल्या असता ना."

खार ओशाळली. "बरं, मग उद्या सकाळी खडकावर ये की."

"उन्हात डोळे दिपतात हो, ताई. शिवाय कावळे मागे लागतात. आत्ताच काही करता येणार नाही का?"

"माझ्या एकटीच्या हातात असतं तर केलं असतं गं. पण तुझ्यापुरता नियम वाकवला, तर उद्या मोर मलाच विचारेल, तुमच्या मैत्रिणींना वेगळा न्याय का म्हणून." एवढं बोलून तिलाच कसंसं झालं. मग ती म्हणाली, "बघते मी."

सकाळी पंच जमले. आधी पोपट आला. त्यानं आपली अडचण अशी गोड गळ्यानं सांगितली की माकडिणीला भरून आलं. पोट त्याचं गुबगुबीत होतं, पण तो नियमात चोख बसत होता. त्याला बाजरी मिळाली. मग लांडोर आली, तिलाही मिळालं.

तेवढ्यात वटवाघळीण आली. मागे दोन कावळे. उन्हात तिला खडक दिसेना. ती शेजारच्या उंबरावर आदळली आणि फांदी धरून लटकली. पिल्लू चिरकत होतं.

"खाली खडकावर या," बगळा म्हणाला.

"मला उभं राहता येत नाही, महाराज. इथूनच सांगू का?"

"उलटं लटकून मदत मागायची?" मोर म्हणाला. "निदान पंचांचा तरी मान ठेवा." स्वतः दिवसातून दहादा लोंबकळणारी माकडीण यावर खुदकन हसली.

वटवाघळिणीनं अंदाजानं तोंड वळवलं. "खारूताई, तुम्ही 'बघते' म्हणालात ना?"

सगळे खारीकडे पाहू लागले. रात्रभर तिनं वाक्यं जुळवली होती, चांगली पाच वाक्यं. पण नियम आपलाच. आपणच तो मोडला तर हे चौघं काय म्हणतील, या विचारात पाचही वाक्यं घशातच राहिली. "सगळ्यांना एकच नियम आहे," ती पुटपुटली.

मग वटवाघळिणीनं फांदी सोडली. ती खडकावर पडली. पंख टेकवून उठायला गेली, पुन्हा पडली. कावळे जवळ सरकले तशी ती पिल्लाला पोटाखाली घेऊन सरपटत उंबराच्या बुंध्यापाशी गेली, कशीबशी वर चढली आणि उडून गेली.

"अडचण काही सांगितली नाही तिनं," ससा म्हणाला. "म्हणजे तेवढी नसावी."

बगळ्यानं मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी खारीनं आपल्या घरट्यातली वाळकी मोहफुलं तोंडात मावतील तेवढी घेतली आणि वटवाघळांच्या झाडाकडे धावली. झाड रिकामं होतं. शेजारच्या खोडावर एक पिंगळा नुकताच जागा होत होता.

"गेले सगळे नदीपलीकडे," तो म्हणाला. "वाटेत एक पिल्लू गळून पडलं म्हणतात."

फुलं खाली ठेवून खारीनं विचारलं, "कोणाचं?"

"ते काही कळलं नाही."

खार पिंगळ्याकडे वळली. मग तिनं विचारलं, "तू कधी खडकावर आला नाहीस तो? तुला काही लागलं नाही का आजवर?"

"लागलं की. पण तुमची सकाळ ती आमची रात्र. आणि कोणी विचारलं पण नाही."

ती घरी आली तेव्हा तिचं पिल्लू जागं होतं. आई रडतेय म्हणून त्यानं कारण विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता ती पिल्लाची समजूत घालतेय की स्वतःची, हे तिचं तिलाही कळेना. "मी कोणावर अन्याय नाही रे केला. पोपटाला जो नियम, लांडोरीला जो नियम, तोच तिला. सगळ्यांना अगदी एकच."

पिल्लू म्हणालं, "मग सगळ्यांनी फांदीला उलटं लटकूनच मागायचं, असा एकच नियम का नाही केलास?"

तात्पर्य : मदत मागायला आपल्या खडकावर बोलावण्याआधी, तिथं ज्यांना येताच येत नाही त्यांना देणाऱ्यानं त्यांच्या झाडापाशी जाऊन विचारावं, आणि त्यांच्यातलं कोणी पंचांत असेल, तर तेवढं लांब जावंही लागत नाही.