माहेरी गेलेले शब्द

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. कामाच्या बाबतीत भारी खाष्ट. कुणी एका दिवसाचा खाडा केला की त्याचं पित्त खवळायचं. एके सकाळी हैबती नावाचा स्वार दरबारात हात जोडून उभा राहिला.

"महाराज, बायकोचे दिवस भरलेत. घरी दुसरं कुणी नाही. रजा द्यावी."

राजा कडाडला, "रजा, सुट्टी, विसावा! हे शब्दच माझ्या राज्यात नकोत!"

सिंहासनामागे अनिमिष मांत्रिक उभा होता. त्याची पापणी जन्मात कधी लवली नव्हती. तो म्हणाला, "तथास्तु."

झालं! तिन्ही शब्द राज्यातून निघून गेले. ज्याच्या हातात जे होतं ते हाताला चिकटलं आणि हात चालूच राहिले. लोहाराचा घण थांबेना, कोष्ट्याचा धोटा थांबेना. राजाच्या मुठीत राजदंड अडकला, तो खाली ठेवता येईना. हैबतीचे हात तेवढे मोकळे, कारण ते जोडलेले होते.

तो धावत घरी आला. त्याची बायको तुळजा जात्यावर दळत होती. दाणे केव्हाच संपले होते, दगडावर दगड घासत होता, आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"अहो, खुंटा सुटत नाही," ती कण्हली. "असं दळता दळता बाळंत कशी होऊ? काहीतरी करा हो!"

कुंपणावरून भारद्वाज पक्षी बोलला, "रडू नकोस, स्वारा. शब्द मेले नाहीत, रुसून माहेरी गेलेत. दिवस मावळायच्या आत घेऊन ये, नाहीतर दोन्ही जीव जातील." त्यानं आपलं पीस हैबतीच्या पागोट्यात खोवलं. हैबतीनं पाऊल टाकलं आणि डोंगर मागे पडला.

सुट्टीचं माहेर एका गोठ्यात होतं. तिथे दगडाचा बैल जू ओढत उभा, आणि जुवाची गाठ आवळून घट्ट झालेली. हैबतीचा हात तलवारीकडे गेला.

"कापलंस तर मरेन," गाठीतून आवाज आला. "मी सुटण्याची लेक. मला सोडव."

इकडे जीव टांगणीला लागलेला, आणि म्हणे सोडव! पण हैबती शेतकऱ्याचा पोर. कोनाड्यात तूप-हळद होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी करतात तशी त्यानं बैलाची खांदेमळणी केली. बैलानं ओढणं सोडलं, गाठ सैल पडली आणि सुट्टी बाहेर आली.

विसाव्याचं माहेर घाटावर होतं. पायथ्याशी श्रम नावाचा म्हातारा भेटला. "विसावा माझ्या पोटचा. दमल्याखेरीज कुणाला भेटत नाही. माझं ओझं वर ने."

हैबतीनं ओझं माथ्यावर नेलं. "आता उतरव आणि बस," मागोमाग आलेला म्हातारा म्हणाला.

"बसू? आजोबा, तिकडे माझी बायको मरतेय!"

"बसल्याशिवाय तो येत नाही."

दिवस कलला होता. हैबतीनं दात-ओठ खाऊन डोळे मिटले. छातीतली धडधड काही केल्या थांबेना. शेवटी श्वास जागेवर आला, तेव्हा शेजारी विसावा येऊन बसला होता.

रजेचं माहेर वाळूच्या समुद्रापलीकडे, अरबांच्या मुलखात. दारातली वृद्धा म्हणाली, "रजा आणि राजी एकाच घरच्या लेकी. रजा म्हणजे समोरच्याची राजीखुशी. ती उचलून नेता येत नाही. तुझा राजा मनापासून राजी झाला, तर ती आपल्या पायानं येईल."

सुट्टी आणि विसाव्याला घेऊन हैबती दरबारात परतला तेव्हा सूर्य टेकला होता. राजाचा हात सुजून निळा पडला होता.

"दिली रजा! दिली!" राजा ओरडला. "माझा हात सोडवा!"

काहीच घडलं नाही. अनिमिष हसला. "ही राजीखुशी नव्हे, महाराज. ही गरज."

हैबती धाय मोकलून रडला. "महाराज, तुमच्या पाया पडतो. माझ्या तुळजाला वाचवा!"

राजानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून प्रथमच पाहिलं म्हणा ना! तो म्हणाला, "तुळजा का तिचं नाव? मी विचारलंसुद्धा नाही. हैबती, मी चुकलो रे. माझा हात जन्मभर असाच राहो. तू घरी जा, तिच्याजवळ राहा. मी राजी आहे."

दारातून रजा आत आली. राजदंड खणकन खाली पडला. घण थांबले, धोटे थांबले. अनिमिषाची पापणी लवली आणि त्याच्या जागी राख उरली.

हैबती ऊर फुटेस्तोवर पळाला. घरात जातं थांबलं होतं. आवाज नाही, हालचाल नाही. तेवढ्यात बाळानं टाहो फोडला.

"आधी सुईणीला बोलवा," तुळजा म्हणाली, "मग काय ते रडा."

शाप फिटला, राज्याची घडी बसली. तिथे आजही कुणी रजा मागितली, की राजा आधी विचारतो, "घरी सगळं ठीक ना?" तसं विचारणारं तुम्हालाही कुणी भेटो. चला, गोष्ट सरली, आता पाठ टेका.