येसूची पेज

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणजोबांच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, धामणखोलीत मेस्त्रींच्या घरी येसू नावाची सून होती. लाकडाला तिच्यासारखा रंग चढवणारं माणूस कोकणात पुन्हा झालं नाही, असं म्हणतात. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या देवळातलं कपाट बघावं आणि मग बोलावं.

तिचा सासरा बाबल मेस्त्री पंचक्रोशीत नावाजलेला सुतार. पावणाई देवीच्या लुगड्यांचं कपाट करायचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच घराचा. त्या साली जुन्या कपाटाला वाळवी लागली, म्हणून बाबलने शिवणीच्या लाकडाचं नवं केलं. सांधे असे, की मुंगीलाही वाट मिळू नये. पण शिवण पडली गोरी आणि देवीला हवा तांबडा रंग. बाबलने काताचं दाट पाणी केलं आणि घाईघाईने फासलं. सकाळी बघतो तर कपाटभर काळपट डाग. जत्रा आठ दिवसांवर. पलीकडच्या गावच्या मानकऱ्याने लगेच निरोप धाडला, "तुमका जमत नसात तर कपाट आमी करतव." एकदा गेलेला मान परत येत नाही, हे बाबलला पक्कं ठाऊक होतं. तो कपाट फोडायला कुऱ्हाड शोधू लागला.

येसू तेव्हा गड्यांना पेज वाढत होती. रिकाम्या पोटी आलेला गडी कसा अधाशासारखा पितो, हे ती रोज बघायची. तिने डाव खाली ठेवला.

"मामंजी, लाकूड उपाशी आसा," ती म्हणाली. "उपाशी माणूस मिळात ता गिळता. आधी तेका पेज पाजूया."

गडी हसले. बाबल हसला नाही, कारण त्याच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

येसूने सगळा रंग खरवडून काढला. खरवतीच्या खरखरीत पानांनी लाकूड घासलं. पेजेचं पातळ पाणी तळव्याने जिरवलं आणि वाळू दिलं. मग कात, पण पातळ, हातावर हात देत सात वेळा. शेवटी तेल आणि राळ. ते सात दिवस कपाट पेजेवर होतं आणि येसूही, असं म्हणतात.

जत्रेच्या सकाळी मानकरी खोड काढायला आला. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, डाग काही सापडेना.

"फिरवा," तो म्हणाला.

कपाटाची पाठ भिंतीला लागते, ती कुठलाच सुतार रंगवत नसे. कपाट फिरवलं. पाठीत मानकऱ्याला स्वतःचं तोंड दिसलं, मिशीसकट, आणि वाकडं झालेलं पागोटंही. त्याने ते आधी सरळ केलं.

"ही बाजू कोण बघतलो होतो?" त्याने विचारलं.

"देवी बघतली," येसू म्हणाली.

ती गेली तेव्हा तिच्या चितेचा धूरही तांबडा होता, असं म्हणतात. खरंखोटं पावणाई जाणे. पण धामणखोलीत आजही कपाट होवो की पाळणा, पेजेची पहिली वाटी लाकडाची. ती घरची सून लावते, आणि पाठीकडून सुरुवात करते. तोवर मेस्त्री जेवत नाही. शहरातले डबाबंद पॉलिशवाले हसतात. हसू देत बापडे. आम्ही त्यांना देवळात नेतो आणि कपाट फिरवून दाखवतो.