बावन्न वेढे

“एकदाच काय ते सांगा चाचा. मला जमेल, की नाही जमणार?”

गफूर उस्तादांनी मान वर केली नाही. पुढ्यात जळालेली मोटार होती, डाव्या हातात छिन्नी होती, आणि वय झाल्यापासून ते एका वेळी एकच काम करत.

पारोळ्याच्या एसटी स्टँडमागे त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतावरचा पंप जळाला की त्याची मोटार इथे येते. आतली जळकी तांब्याची तार निघते, नवी भरली जाते. त्या दुपारी वीज गेलेली होती, पंखा थांबलेला होता, आणि स्टुलावर बसलेल्या हेमांगी बोरसेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

बारावीला तालुक्यात पहिली, गणितात अठ्ठ्याण्णव. नाकावर माशी बसू न देणारी पोरगी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा तिथले देवरे सर म्हणाले होते, कॉलेजला दीड महिना अवकाश आहे, तोवर घरी थोडे प्रोग्राम लिहून बघ. ही कसली थोडे लिहिते! मामाच्या जुन्या लॅपटॉपला चिकटून बसली. आणि दीड महिना रोज त्या लॅपटॉपने तिला लाल अक्षरांत एकच गोष्ट सांगितली, की तुझं चुकलंय.

इतकं चुकायची तिला सवय नव्हती. ती थकली. काल ती कोर्स बदलून इतिहास घेण्याचा अर्ज घेऊन सरांकडे गेली. मुदत उद्या संपत होती. सरांनी निमूटपणे सही केली.

“देण्याआधी गफूर उस्तादांना भेटून ये,” ते म्हणाले. “मी त्यांच्याकडे शिकलोय.”

म्हणून ती आली होती, आणि आता पस्तावली होती. ज्या माणसाने जन्मात कॉम्प्युटरचं बटण दाबलं नाही, तो सांगणार काय, कपाळ?

“काय लिहिलंस ते दाखव,” उस्ताद म्हणाले.

तिने वही दिली. खाकी कव्हर, लाल शाईने आखलेला समास, आत सात प्रोग्राम. कुठे खाडाखोड नाही.

उस्तादांना त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी त्यांनी एकेक पान नीट उलटलं.

“दीड महिन्यात सात?”

“हे बरोबर आलेले. ही फेअर वही आहे.”

“चुकलेले कुठे आहेत?”

“ते रफ वहीत होते.”

“होते?”

“चूक आली की मी पान फाडते चाचा, आणि पहिल्यापासून नवं लिहिते. चुकलेलं डोळ्यासमोर बघवत नाही मला.”

“फाडलेली पानं?”

“बंबात.” तिला स्वतःचंच हसू आलं. “सकाळी अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापतं. आई म्हणते, तुझ्या कॉम्प्युटरने बाकी काही नाही, पण पाणी कढत येतं.”

उस्ताद हसले नाहीत.

“नव्या पानावर चूक येत नाही?”

“येते की.”

“तीच, की दुसरी?”



“... माहीत नाही.”

उस्ताद कमरेला हात देऊन उठले. मोटारीचं लोखंडी कडं त्यांनी तिच्याकडे सरकवलं. कड्याच्या आतल्या बाजूने खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत काळ्याठिक्कर तारांची जुडी घट्ट बसली होती.

“ही जळकी तार काढ. मी नमाज पढून येतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

उस्ताद गेले.

हेमांगी चिडली. आपण आयुष्याचं विचारतोय आणि म्हातारा भंगार काढायला लावतोय! पण दिलेलं काम अर्धवट टाकायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने ओढणी कमरेला खोचली, पक्कड घेतली आणि ओढायला सुरुवात केली. तार तुटत होती, हाताला काजळी लागत होती, जळक्या वार्निशचा वास नाकात बसला होता. निघालेली प्रत्येक जुडी ती कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपात टाकत गेली. पिंप भरलं तेव्हा तिने पायाने दाबून जागा केली.

मग कानशीने खाचा खरवडल्या, फडक्याने पुसल्या. कडं आरशासारखं लख्ख झालं. दीड महिन्यात पहिल्यांदा एखादं काम तिच्या हातून बिनचूक झालं होतं, आणि तिला बरं वाटलं.

उस्ताद परतले. कडं हातात घेऊन त्यांनी उजेडात फिरवलं.

“छान केलंस.”

ती खूश झाली.

“किती वेढे होते?”

“कसले वेढे?”

“एका खाचेत तार किती वेळा फिरवली होती?”

“... मी मोजले नाहीत.”

“मग नवी तार किती भरू?”

हेमांगीने आजूबाजूला पाहिलं. भिंतभर पेन्सिलीने आकडे होते. मोटारीचं नाव, खाचा, वेढे, तारेची जाडी. वर्षानुवर्षांच्या मोटारी तिथे लिहिलेल्या होत्या.

“भिंतीवर असेल ना!”

“ही नाही.”

“तुम्हाला अंदाज असेल.”

“अंदाजाने भरली तर फिरेल,” उस्ताद म्हणाले. “आठ दिवस फिरेल. मग परत जळेल. तोवर मोटारवाल्या शेतकऱ्याची केळी माझ्या भरवशावर.”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते बाकावर टेकले आणि डोळे मिटले. सकाळपासून तीन मोटारी झाल्या होत्या आणि चौथी आता अडकली होती, तिच्यामुळे. हेमांगीचा चेहरा उतरला.

ती पिंपाजवळ जाऊन बसली.

मघाशी पायाने दाबलेल्या तारा आता हाताने सोडवायच्या होत्या. वरच्या जुड्या चेंदामेंदा झालेल्या. मोजायला घ्यावं तर तारा सुट्या होऊन बोटांतून गळून पडायच्या. बऱ्याच वेळाने एक जुडी सापडली, दोऱ्याने बांधलेली, अजून एकमेकींना धरून असलेली. तिने एकेक तार वेगळी करत मोजायला घेतली.

अडतीसला चुकली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसऱ्यांदा एक्कावन्न आले. खात्री वाटेना. तिसऱ्यांदा बावन्न.

“बावन्न,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पुन्हा मोजते.”

चौथ्यांदाही बावन्नच आले.

उस्तादांनी डोळे उघडले. “दे इकडे.”

जुडीच्या एका बाजूला सात-आठ तारा वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा झाला होता. उस्तादांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“इथे जळाली.”

“का जळाली?”

“खाचेत तारेखाली कागद घालतात. इथे तो बोटभर आखूड पडला. तार लोखंडाला घासत राहिली.”

“कोणी भरली होती?” हेमांगीने जरा रागानेच विचारलं. आपल्यापेक्षा जास्त चुकलेलं कुणीतरी सापडलं होतं, ते तिला हवंच होतं.

उस्तादांनी जुडी तिच्यासमोर धरली. जळून काळ्या पडलेल्या दोऱ्याची गाठ तिला दाखवली. गाठ उलट्या बाजूने मारलेली होती.

“डावऱ्या हाताची आहे,” ते म्हणाले.

हेमांगीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मघाशी छिन्नी डाव्या हातात होती.

“... तुम्ही?”

“अठरा वर्षं झाली. तेव्हा भिंतीवर काही लिहीत नव्हतो. सगळं डोक्यात ठेवायचो. आसपास माझ्यासारखा कारागीर नव्हता ना!”

बाहेर एसटीचा कंडक्टर धुळे, धुळे ओरडत होता. हेमांगीला तो बंब दिसत होता. दीड महिन्याची पानं. एकसुद्धा तिने दुसऱ्यांदा वाचलेलं नव्हतं.

“लिहून ठेव,” उस्ताद म्हणाले. “बावन्न. आणि कागद कुठे आखूड पडला, तेही.”

तिने बॅग उघडली. फेअर वही वर आली, पण हात काजळीने माखलेले. सवयीने तिने ती बाजूला सारली आणि हाताला लागला तो घडीचा कागद ओढला. मागच्या कोऱ्या बाजूवर बावन्न लिहिलं. खाली खाच काढली, आखूड कागद काढला, जळालेल्या जागी फुली मारली. एक्कावन्न आधी चुकून लिहिलं होतं, ते खोडलं. कागदावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले.

उस्तादांनी कागद घेतला, दूर धरून वाचला आणि भिंतीतल्या खिळ्याला टोचला.

“चाचा... तो माझा अर्ज आहे. कोर्स बदलायचा.”

“असं का?”

“उद्या द्यायचाय.”

“मोटार परवा भरून होईल. तोवर तो मला लागेल.”

आकडा दुसऱ्या कागदावर उतरवून देणं काही अवघड नव्हतं. दोन मिनिटांचं काम. ते हेमांगीला सुचलंही, आणि ती खिळ्याकडे बघत उभी राहिली. अर्जाच्या सुलट बाजूवर सरांची सही होती. ती आता भिंतीकडे तोंड करून होती.

तिने हात वर नेला... आणि ओढणीला पुसला.

मग बॅग उचलली. उंबऱ्यापाशी पोचल्यावर पुन्हा वळली. मघाचाच प्रश्न होता, पण आता आवाजात तोरा नव्हता, नुसता शीण होता.

“चाचा, खरंच विचारते. जमेल मला?”

उस्ताद बाकाला टेकून बसले होते. डोळे पुन्हा मिटलेले. तिला वाटलं, त्यांना झोप लागली.

“बेटा,” ते डोळे न उघडताच म्हणाले, “उद्या अंघोळ गार पाण्याने कर.”