घुंगुरकाठी

फार पूर्वी, राजाचे खलिते जेव्हा माणसांच्याच पायांनी चालत, तेव्हा घाटाखालच्या एका गावात एक म्हातारा हरकारा राहत होता. हरकारा म्हणजे राजाचे टपाल पळत पोचवणारा. उमेदीच्या काळात त्याच्या पायांना पंचक्रोशीत जोड नव्हती आणि त्याला त्याचा ताठाही होता. त्याचा लहानगा मुलगा त्याच्यामागे पळायचा, दमायचा, हाका मारायचा. हा कधी वळून बघत नसे. एके दिवशी हाका यायच्या थांबल्या. मुलगा मोठा होऊन घाटावरच्या दरोडेखोरांत गेला होता आणि वर्षाच्या आत मारला गेला.

गावात तशी पोरे कमी नव्हती. कुणाला आई-बाप नाहीत, कुणाला घरातून हाकललेले, कुणी बाजारात हात मारून पोट भरणारे. दर बाजारच्या दिवशी घाटावरचा एक माणूस खाली येई, अशा पोरांना पोटभर मटण-भाकरी खाऊ घाली आणि जाताना एखाद्याला बरोबर नेई. गाव म्हणे, बरे झाले, ब्याद गेली. गावाचे असेच असते. ब्याद कुठे गेली हे कुणी विचारत नाही.

म्हाताऱ्याला ते ऐकवत नसे. त्याने अशी सहा पोरे गोळा केली आणि त्यांना पळायला लावले. उजाडले की निघायचे, घाटाच्या पायथ्याला वळसा घालून चार कोस पळून यायचे. लोक हसले. चोरांना पळायला शिकवतोय, म्हणजे आता ते हाती लागायलाच नकोत, असे म्हणाले. पण पोरे दमून येत, म्हाताऱ्याच्या ओसरीवर भाकरी खात आणि तिथेच आडवी होत. उनाडक्या करायला अंगात त्राण उरत नसे. दोन वर्षांत त्यातले एकही पोर त्या माणसामागे गेले नाही.

म्हाताऱ्याचा नियम एकच होता. हरकारे पळताना घुंगरे बांधलेली काठी वाजवत जातात. ती काठी त्याने सगळ्यात मागे पळणाऱ्याच्या हाती दिली होती. पुढच्यांनी घुंगरे ऐकू येतील तिथवरच पळायचे. आवाज तुटला की थांबायचे आणि तो पुन्हा येईपर्यंत उभे राहायचे. म्हातारा स्वतः मागच्याच्या सोबतीने पळे. नियम का केला ते त्याने कुणाला सांगितले नाही.

मागे पळणारा ठरलेलाच होता. अंगाने बोजड, चार पावलांत धाप लागणारा. सगळे त्याला रखड्या म्हणत. आई गेल्यावर मामाने त्याला घराबाहेर काढले होते. पहिला येणारा होता हरण्या, नावासारखाच. हरण्याला थांबायचा कंटाळा येई, चरफडत असे, पण थांबे.

एकदा भाकरी खाताना रखड्या म्हाताऱ्याला म्हणाला, "आबा, गावात मला कुत्रं विचारत नाही. पण ही काठी वाजायची थांबली, की हरण्यासुद्धा उभा राहतो."

 म्हाताऱ्याने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

मग एके दिवशी राजाचे दिवाणजी गावात आले. घाटात टपालाच्या सहा नव्या चौक्या बसवायच्या होत्या. त्यांनी पोरांना पळताना पाहिले आणि अट घातली. गावापासून राजधानीच्या वेशीपर्यंत मध्ये तीन घाट आहेत. उद्या सूर्योदयाला निघून सूर्य मावळायच्या आत तुमचा पहिला गडी वेशीत आला, तर सहाही चौक्या तुमच्या सहा पोरांना. नाही आला, तर दुसऱ्या गावाला.

म्हातारा विचारात पडला. रखड्यासाठी थांबत गेले, तर सूर्य दुसऱ्याच घाटात मावळणार. आणि चौकी मिळाली तर त्यालाही मिळणार होती, राजाचा पगार, डोक्यावर पागोटे. एका दिवसाचा तर प्रश्न होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांची ददात पडत नाही.

सकाळी त्याने रखड्याच्या हातातून काठी काढून घेतली आणि हरण्याच्या हाती दिली. "आज थांबायचं नाही," तो म्हणाला.

रखड्याने रिकाम्या हाताकडे पाहिले. "मग आबा, मी मागं राहिलो ते तुम्हाला कळणार कसं?"

"तू ये सावकाश. हे तुझ्यासाठीच चाललंय."

आणि म्हातारा त्या दिवशी पुढे पळाला. जवळच्या वाटा त्यालाच ठाऊक होत्या ना. पुढे घुंगरे वाजत होती, वारा कानात शिरत होता, आणि खरे सांगायचे तर त्याला फार वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटत होते. त्याने एकदाही वळून पाहिले नाही.

हरण्या दिवस मावळायच्या आत वेशीत पोचला. बाकीचेही पाठोपाठ आले. दिवाणजींनी सहा पागोटी मागवली. पाच बांधून झाली आणि एक ताटात उरले, तेव्हा कुठे म्हातारा वळला आणि मागच्या वाटेकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी तो उलट पावली निघाला. मधल्या घाटातल्या टाक्यापाशी एक धनगरीण शेळ्यांना पाणी पाजत होती. ती म्हणाली, एक जाडजूड पोरगा काल दिवस कलल्यापासून इथे बसला होता. भाकरीचे फडके सोडलेसुद्धा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होता, पुढे कुठे घुंगरे ऐकू आली का. मग वरून दोघे उतरले, त्याच्यापाशी बसले, त्याला खाऊ घातले आणि घेऊन गेले.

म्हाताऱ्याने घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. घाटाने त्याचीच हाक त्याला परत दिली.

सहा महिने गेले. हरण्या खलिता घेऊन त्याच घाटातून जात होता. टाक्यापाशी त्याला रखड्या दिसला. रखड्याने हाक मारली आणि हरण्या थांबला. पुढे जाऊन परत वळला, हेही धनगरणीने पाहिले. दोन वर्षे त्या एकासाठी थांबायची सवय लागलेली, पायांनी ती मोडली नाही. झाडीतून चौघे धावून आले. हरण्याचा तिथेच जीव गेला.

राजाचे शिपाई पाठलागावर निघाले. दरोडेखोर वाऱ्यासारखे पसार झाले. फक्त एक हाती लागला, कारण त्याला चढावर धाप लागत होती.

कडेलोटाच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला त्याला भेटू दिले. म्हातारा खूप बोलायचे ठरवून आला होता. समोर आल्यावर त्याला एवढेच सुचले, की तू हरण्याला का थांबवलेस.

"मारतील असं वाटलं नव्हतं," रखड्या म्हणाला. "ते म्हणाले होते, नुसती थैली घेऊ." मग म्हणाला, "शिपाई आले तसे सगळे पळाले, आबा. मी हाका मारल्या. त्यांच्यातही कुणी वळून बघत नाही."

 म्हाताऱ्याने रखड्याचा हात धरला. शिपायांनी तो सोडवला.

चौक्या ओस पडल्या. हरण्याच्या जागी जायला उरलेल्या चौघांतला कुणी तयार होईना. दोघे गाव सोडून गेले, एक ताडीच्या गुत्त्यावर बसू लागला, आणि एक पुढच्या बाजारच्या दिवशी त्या माणसामागून घाट चढून गेला. गाव म्हणाले, बरे झाले.

म्हातारा मात्र हरण्यामागे उरलेली घुंगुरकाठी घेऊन रोज उजाडता निघे. आता पळवत नव्हते, चालत जाई. थोडे गेल्यावर तो थांबे आणि मागे वळून उभा राही. वाटेवर कुणी नसे.

तात्पर्य: मागे पडणाऱ्याला सोबतीचा शब्द दिला, तर तो एका दिवसापुरताही मोडू नये. आपल्याला तो एकच दिवस वाटतो. त्याचा मात्र त्या दिवशीच जन्म संपतो.