माकूल आणि बहुरूपी

"म्हणजे रंग दिसतच नाहीत त्याला? एकही?" तुळाजी बहुरूप्याने विचारलं.

ओहोटीनंतर खडकातल्या डबक्यात एक माकूल, तो रंग बदलणारा मऊ समुद्री जीव, अडकलं होतं. हमजाबाबा फकीर काठावर उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते.

"कॉलेजची पोरं आली होती, ती सांगत होती. अल्लानं तीन काळजं दिलीत, पण रंग ओळखणारा डोळा दिला नाही."

काळ्या खडकावर काळंच झालेलं ते माकूल वाळूवर सरकलं आणि बघता बघता वाळूत मिसळून गेलं.

"माझीच जात," तुळाजी म्हणाला. "चाळीस सोंगं करतो, बाबा. चार तालुक्यांत कुणी ओळखलं नाही मला."

बोलणं फुशारकीचं होतं, आवाज मात्र पडलेला.

"कुणीच नाही?"



"आईनंसुद्धा नाही," तो शेवटी म्हणाला. "वर्ष झालं. घास उतरत नाही."



"खेळ चालू होता. आई जायला लागली म्हणून निरोप आला. हवालदाराच्या वेषात होतो, तसाच पळत गेलो. तिनं हात जोडले. म्हणाली, साहेब, माझ्या तुळाजीला सांभाळून घ्या, तो कुणाचं वाईट करत नाही..."

"मग?"

"सवयीनं हवालदाराचाच आवाज निघाला. म्हणालो, काळजी करू नका, आजी." त्यानं तोंड फिरवलं. "आजी म्हणालो, बाबा. सख्ख्या आईला. ती परक्या माणसासमोर मेली."

चाळीस सोंगांचा धनी, पण रडणं काही त्याला लपवता येईना. बघून वाईट वाटत होतं.

बाबांनी डबक्यात बोट घातलं. माकुलानं शाई सोडली. पाणी काळं झालं. हळूहळू ते निवळलं.

"त्यानंतर ती काही बोलली?"

"नाही. हात तेवढा वर केला. घामानं माझी मिशी एका बाजूनं सुटली होती. ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली, आणि..."

तुळाजी बोलता बोलता थांबला. त्याचा हात आपोआप ओठावर गेला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पाण्याकडेच बघत होते.

"मग सोंग कुणाचं चांगलं वठलं, तुळाजी?"